चुलीवरचा झरोका

शिरड शहापूरच्या मनकर्णाबाईचं सगळं आयुष्य एका झरोक्यावाचून अडलं होतं. ऐकणारे हसतील, पण खरं आहे. तिच्या नवऱ्यानं, तातेरावानं, बांधलेलं माळवदाचं घर तसं भक्कम; फक्त स्वयंपाकघराला ना खिडकी, ना छताला भोक. चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या पेटल्या की धूर आतच कोंडायचा आणि ती डोळे चोळत अंदाजानं भाकरी उलटायची.

तेवीस वर्षं तिनं झरोका मागितला. सासू म्हणायची, धुरानं माळवदाच्या लाकडाला कीड लागत नाही. सासू गेली, पण तिचं म्हणणं तातेरावानं जपून ठेवलं. पावसात छत गळेल, ही भर त्यानं पदरची घातली. १९४१च्या उन्हाळ्यात आखाडा बाळापूरच्या वैद्यानं तिच्या पापण्या उलटून पाहिल्या आणि धूर थांबला नाही तर नजर जाईल असं स्पष्ट सांगितलं. तातेराव शेजारीच उभा होता. परतताना त्यानं बाजारातून बैलांसाठी नव्या वेसणी घेतल्या.

बैलांचा गोठा मात्र बघण्यासारखा. दोन्ही भिंतींना झरोके, जमीन कोरडी, वारा खेळता. या माणसाला हवेची किंमत कळत नव्हती असं कुणी म्हणू नये.

शेवटी मनकर्णाबाईचं डोकं फिरलं. एके सकाळी तिनं तीन दगड उचलले, गोठ्याच्या कोपऱ्यात चूल मांडली आणि भाकऱ्या थापायला बसली. कितीतरी वर्षांनी तिला तव्यावरची भाकरी नीट दिसली. लोक काय म्हणतील म्हणून तातेराव कुरकुरला, ती ऐकेना. तिसऱ्या दिवशी वारा फिरला, धूर दावणीकडे गेला आणि धाकट्या बैलाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

तातेराव अर्ध्या जेवणावरून उठला. पहार घेऊन माळवदावर चढला आणि दिवस कलायच्या आत स्वयंपाकघरावर हातभर झरोका पाडून, पाऊस आत येऊ नये म्हणून वर आडोसा करून खाली उतरला. एका दुपारचं काम होतं.

"आता चूल आत ने," तो म्हणाला. "मुक्या जनावराला लई तकलीफ होऊन राहिली."

"अन् मी? तेवीस वर्सं तोच धूर खाल्ला म्या."

तातेरावानं खरोखरच नवल वाटून तिच्याकडे पाहिलं.

"मग सांगायचं व्हतं की," तो म्हणाला.