दोन्ही हातांत कॉफी

तेलविहीर खोदणाऱ्या आमच्या जहाजावर चोकच्या झडपेपाशी दुसरं कोणी काम करत असलं की जुरांदिर मेस्त्रींच्या दोन्ही हातांत कॉफीचा पेला असायचा. पेला एवढासा, एका मुठीत हरवेल असा. तरी दोन्ही हात.

"थंडी वाजते का, मेस्त्री?" कोणीतरी विचारायचंच.

"हात बांधून ठेवलेत. सुटले की दुसऱ्याचं काम खातात."

एकदा खाल्लं होतं. वीस वर्षांपूर्वी वायू चढत असताना त्यांनी एका तरुण ड्रिलरच्या हातातून चोकचा दांडा हिसकावला. विहीर वाचली. तो ड्रिलर किनाऱ्यावर गेला तो परत आलाच नाही. मकाए बंदरात टायर विकतो. मेस्त्री दर सुट्टीत त्याच्याकडे जाऊन गरज नसलेले टायर बदलून घेतात.

काम्पुसच्या ऊसतोड्यांच्या घरातला हा माणूस जहाजावर आला तो डेक धुवायला. घरी त्यांची बायको, दोना इरासी, त्यांना काळ्या घेवड्याच्या कुकरजवळ फिरकू देत नाहीत. "असे टक लावून बसतात, जसा काही कुकर पळूनच जाणार आहे."

चोक म्हणजे कुकरसारखीच शिट्टी, फक्त हाताने चालवायची. अठराशे मीटर खाली, समुद्राच्या तळाशी विहिरीचं तोंड. तिथून जहाजापर्यंत दोन बारीक नळ्या. विहिरीत वायू घुसला की तोंड बंद करायचं आणि एका नळीतून तो हळूहळू बाहेर काढायचा. त्या नळीच्या वरच्या टोकाची झडप म्हणजे चोक. फार उघडली तर आणखी वायू घुसतो. फार आवळली तर खालचा खडक फुटतो आणि विहीर हातची जाते.

रोज सकाळी मेस्त्री पंप हळू चालवून त्या बारीक नळीतून चिखल, म्हणजे विहिरीतला वायू दाबून ठेवणारं जड गाळपाणी, फिरवायचे, नळी स्वतः किती दाब खाते (तेवढाच भार खाली विहिरीवर वाढतो) ते मोजायचे आणि आकडा खडूने फळ्यावर लिहायचे.

"झाली प्रार्थना?" अदेल्मो विचारायचा. "संगणकात असतो की आकडा."

"संगणकाला भूक लागत नाही. नळीला लागते."

अदेल्मो बाहियातल्या जमिनीवरच्या विहिरींत पंधरा वर्षं काढून आलेला. हात पक्का, जीभ त्याहून पक्की. मेस्त्रींची ही शेवटची पाळी होती, आणि उतरण्यापूर्वी एका कागदावर त्यांनी सही केली तरच त्यांची खुर्ची अदेल्मोला मिळणार होती.

शनिवारी जेवणं नुकतीच उरकली होती. मी टाक्यांची पातळी बघते. आठ पिंपं चिखल जास्त परत आला होता, म्हणजे खाली वायू घुसून त्याला वर ढकलत होता.

"अदेल्मो, विहीर देतेय. आठ."

त्याने पंप थांबवला, तळाचं तोंड बंद केलं. एक चूक नाही. दोन्ही नळ्यांच्या दाबाचे काटे साडेचारशेवर स्थिरावले. मेस्त्री आत आले. पेला दोन्ही हातांत.

"चालू दे तुझं."

अदेल्मोने पंप हळूहळू चढवायला घेतला आणि चोकचा काटा साडेचारशेवर धरून ठेवला, अगदी बाहियात धरायचा तसा. हात जराही हलत नव्हता. पण दुसरी नळी, जिच्यात चिखल नुसता उभा असतो, तिचा काटा चढू लागला. चारशे ऐंशी. पाचशे दहा. सहाशेला खडक फुटला असता.

मी मेस्त्रींकडे पाहिलं. पेल्यावरची बोटं पांढरी पडली होती.

"अदेल्मो," ते म्हणाले, जेवलास का विचारावं तशा आवाजात. "बाहियात ही नळी केवढी असते?"

"चार पावलं. का?"

"आणि इथं?"

पाचशे चाळीस. अदेल्मोची नजर दुसऱ्या काट्यावर गेली, तिथून फळ्यावर. फळ्यावर होतं: दोनशे दहा.

"नळी खातेय," तो म्हणाला, "आणि मी वर आणखी वाढतोय."

त्याने चोक उघडत नेला. चोकचा काटा चारशे, तीनशे तीस, दोनशे चाळीस. पंप ठरलेल्या गतीवर आला तेव्हा दुसरा काटा पुन्हा साडेचारशेवर येऊन बसला.

"तुमचा पेला हलतोय, मेस्त्री," अदेल्मो मागे न बघता म्हणाला.

"जहाज हलतंय."

पुढची वाट लांबची होती. वायू बारीक नळीत शिरला की जड चिखलाची जागा हलका वायू घेतो, खालचा भार झपाट्याने कमी होतो, आणि चोक तेवढ्याच झपाट्याने आवळावा लागतो. मेस्त्रींनी तोंड उघडलं.

"बोलू नका. दिसतंय मला," अदेल्मो म्हणाला. दांडा आधीच फिरत होता.

मेस्त्रींनी उघडलेल्या तोंडाला पेला लावला. गार कॉफी एका घोटात संपवली आणि तोंड वाकडं केलं.

विहिरीतून वायू निघाला, जास्त जड चिखल भरला, तळाचं तोंड उघडलं. मेस्त्रींनी पेला टेबलावर ठेवला आणि माझं पेन मागितलं.

सकाळी न्याहारीला मक्याचा केक होता. मेस्त्री पहिला तुकडा तोंडात घालतात तोच पायाखाली पंप हळू चालू झाल्याची घरघर आली. मी उठले.

"कुठे निघालीस?"

"बघते, कोण चालवतंय. कालचा आकडा आहेच की फळ्यावर."

"चिखल कालचा नाही," मेस्त्री म्हणाले. "जड केलाय. नळी आता जास्त खाणार. त्याला कळलंय ते."

घरघर थांबली. वर फळ्यावर आता कोणीतरी खडू टेकवत असणार.

मेस्त्रींनी ताटली पुढे सरकवली. "अजून एक तुकडा दे. आज हात मोकळे आहेत."