दुसऱ्या घंटेचा नियम

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी मुद्देसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ओळखणाऱ्यांसाठी ही मोठीच बातमी होती, कारण काय बोलावं ते सुचत नाही अशी वेळ या गृहस्थांवर उभ्या जन्मात आली नव्हती.

खरं नाव लोक विसरूनच गेले होते. "मुद्दा असा आहे की" याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे, म्हणून मुद्देसाहेब. वीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा कंपनीने त्यांना कंट्रोल रूममध्ये बसवलं. चारशे लिफ्टपैकी कुठल्याही लिफ्टमधलं लाल बटण कुणी दाबलं, की घंटा यांच्या टेबलावर वाजायची आणि हे स्पीकरवरून विचारायचे, "काय झालं?" बसायला खुर्ची मिळाली आणि मतांना जोर आला. दर रविवारी ते इंटरनेटवर लिहायचे: लढाईत माघार कधी घ्यावी, यंत्रांवर किती विसंबावं, समाज कुठे चाललाय. वाचक त्रेचाळीस, त्यातले अकरा नातलग. बायको वाचत नसे. "मला घरबसल्या ऐकायला मिळतं की," म्हणायची.

चार महिन्यांपूर्वी त्यांनी लिहिलं, की उतावीळपणा हा समाजाचा रोग आहे. दहातल्या नऊ घंटा खोट्या. कुणाचा कोपर लागतो, कुणाची मुलं खेळतात, कुणाचा दोन सेकंदांत धीर सुटतो. तेव्हा यंत्राने पहिली घंटा नुसती नोंदवावी, माणसाला त्रास देऊ नये. ज्याला खरी गरज आहे तो पुन्हा दाबतोच. हे नेमकं मोठ्या साहेबांच्या वाचनात आलं आणि महिन्याभरात कंपनीचा नियम झाला. लिफ्टमध्ये तशी सूचना लावायचं निघालं, तेव्हा मुद्देसाहेबच आडवे आले. सांगून ठेवलं तर सगळे दोनदाच दाबतील, मग नियम कशाला? साहेबांना ते फार पटलं. मुद्देसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि आज बायकोचा फोन आला.

"अहो, आई घरचा फोन उचलत नाहीयेत. सव्वादहाला औषधं आणायला खाली जाते म्हणाल्या होत्या. दुकानदार म्हणतो, आल्याच नाहीत."

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सहाव्या मजल्यावर एकटी राहायची. तिच्या इमारतीच्या लिफ्ट यांच्याच कंपनीकडे होत्या. मुद्देसाहेबांनी नोंदी उघडल्या. दहा वाजून सतरा मिनिटं. डावी लिफ्ट. घंटा एक. पुढे करड्या अक्षरांत: कारवाई नाही.

सकाळपासून ते इथेच बसून होते. चहासुद्धा जागेवर घेतला होता. जवळजवळ साडेतीन तास.

एका मेकॅनिकला घेऊन ते पोहोचले तेव्हा उजवी लिफ्ट छान वरखाली करत होती. डावी बंद दिसली म्हणून लोक उजवीनेच जात होते, कुणाला शंकाही आली नव्हती. मेकॅनिकने गच्चीवरच्या खोलीत जाऊन लिफ्ट हाताने खाली घेतली. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. आई कोपऱ्यात बसली होती, चपला काढून बाजूला नीट ठेवलेल्या. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. तिला धरून उठवताना मुद्देसाहेबांना रडू आवरेना.

"आई, अगं परत का नाही दाबलंस?"

"परत कशाला? एकदा दाबलं ना!" तिचा आवाज खोल गेला होता, पण त्यात जराही तक्रार नव्हती. "तिकडे तूच असतोस, मला काय माहीत नाही? म्हटलं, काम जास्त असेल आज. येशील."

मुद्देसाहेबांनी पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली. दोन घोट घेऊन ती जरा हुशारली.

"या दोन महिन्यांत दोनदा अशीच अडकले होते. एकदाच दाबलं, पाच मिनिटांत सुरू. तू तिथनंच सोडवलंस ना रे?"

त्यांनी काही सोडवलं नव्हतं. वीज गेली असेल, परत आली असेल. त्या दोन्ही वेळच्या घंटांचा त्यांना पत्ताही नव्हता.

तेवढ्यात समोरच्या दारातून एक बाई खुर्ची घेऊन आली. आईला बसवत ती कौतुकाने म्हणाली, "आईंचा मुलगा तुम्हीच ना? फार सांगत असतात तुमच्याबद्दल. आम्ही आता अजिबात गोंधळ करत नाही हं. बटण एकदाच दाबायचं आणि शांत बसायचं. आईंनी सगळ्या मजल्यांवर बजावून ठेवलंय."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मुद्देसाहेबांना तिसऱ्या मजल्यावर उभ्या उभ्या कळलं. आठ मजले, बत्तीस घरं.

त्यांनी कंट्रोल रूमला फोन लावला. "तो नियम काढ. पहिलीच घंटा वाजली पाहिजे, सगळ्या लिफ्टची."

"साहेबांची परवानगी?" तिकडून सहकाऱ्याने विचारलं.

"माझं नाव सांग. आधी काढ."

मेकॅनिकला आईजवळ थांबवून डॉक्टरला बोलवायला सांगितलं आणि ते कुरकुरणारे गुडघे घेऊन जिना चढू लागले. चौथ्या मजल्यावरचं पहिलं दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. मुद्देसाहेबांनी घाईघाईने सांगितलं, की लिफ्ट अडकली तर कुणी बोलेपर्यंत बटण दाबत राहा.

म्हातारे हसले. "छे छे, एकदाच. सहाव्या मजल्यावरच्या आजींचा मुलगाच आहे तिथे, मोठा हुशार माणूस."

"तो मीच," मुद्देसाहेब म्हणाले. "आजोबा, तुमची घंटा मला ऐकूच येत नव्हती. मीच तशी सोय करून ठेवली होती."

म्हाताऱ्यांचं हसू हळूहळू मावळलं. दाराच्या कडीवर हात ठेवून ते म्हणाले, "म्हणजे गेल्या आठवड्यात माझी बायको तासभर आत होती, तेव्हा..."