न पुसलेली ओळ

आमच्या डायलिसिस केंद्रात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या दर्शनाला भेटायला कोणी आलं की मी सांगतो, जिन्याखालच्या खोलीत बघा, काळ्या पडद्याकडे टक लावून बसलेली असेल. पडदा कॉम्प्युटरचा. त्यावर चित्रं नाहीत, चौकटी नाहीत, नुसत्या पांढऱ्या अक्षरांच्या ओळी वर सरकत असतात. मी केंद्राच्या ट्रस्टचा बिनपगारी सेक्रेटरी, निवृत्त मुख्याध्यापक. मला आधी वाटायचं, ही पोरगी कामाच्या नावाखाली काहीतरी वाचत बसते. ती वाचतच असायची, पण ते कॉम्प्युटरने स्वतःबद्दल लिहिलेलं.

तिने एकदा मला समजावून सांगितलं. लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या त्या कॉम्प्युटरमध्ये काही प्रोग्राम डोळ्यांना न दिसता मागे राबत असतात, त्यांना सर्व्हिस म्हणतात. कुठली सर्व्हिस कधी सुरू झाली, कधी पडली, कोणी बंद केली, हे सगळं कॉम्प्युटर सेकंदासकट टिपून ठेवतो. तो लॉग. काही बिघडलं की आपण सगळे बंद करून पुन्हा चालू करतो. दर्शना आधी लॉग वाचते. तिचे वडील अलोऱ्याच्या कॉलनीत राहायचे आणि वीजघरात तासातासाला आकडे लिहायचे, त्यामुळे लिहिलेल्यावर विश्वास हा घरचाच. मला मात्र तिचा सावकाशपणा डोक्यात जायचा, आणि मी तसं बोलूनही दाखवायचो.

आमच्याकडची सगळ्यात महत्त्वाची सर्व्हिस मेसेजची. डायलिसिसची यंत्रं तीन आणि पेशंट पंचवीसेक, त्यामुळे वेळा सारख्या बदलतात. रोज संध्याकाळी पाचला दुसऱ्या दिवशीच्या पेशंटांना आपापली वेळ मोबाईलवर कळते.

मे महिन्यात दर्शना चुलतबहिणीच्या लग्नाला चार दिवस हर्णैला गेली. ती गेली त्याच दिवशी दुपारी वीज गेली, इन्व्हर्टरच्या बॅटरीनेही मान टाकली आणि कॉम्प्युटर बंद पडला. वीज आल्यावर आमचा शिपाई भागोजी याने शिकवल्याप्रमाणे बटण दाबलं, पडदा उजळलेला पाहिला आणि तो चादरी बदलायला निघून गेला. मेसेज मात्र गेले नाहीत. बहुतेक पेशंट नेहमीच्या वेळेला आले, म्हणून कुणाला काही कळलं नाही. पालीच्या पुढच्या गावातल्या यमुनाबाई आल्या नाहीत. मागे एकदा वेळ बदललेली असताना येऊन त्यांना हात हलवत परत जावं लागलं होतं, तेव्हापासून त्या मेसेजशिवाय घरातून निघत नसत. तिसऱ्या दिवशी मुलाने त्यांना रिक्षातून आणलं, तेव्हा त्यांना धड श्वास घेता येत नव्हता. ऑक्सिजन लावावा लागला. वाचल्या, हे नशीब.

मुलगा चिडला, त्याचं बरोबरच होतं. अध्यक्षांनी विचारलं, कॉम्प्युटरला हात कोणी लावला? हात भागोजीने लावला होता. एकोणीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. त्याला कामावरून का काढू नये, अशी नोटीस मीच लिहिली, माझ्या वळणदार अक्षरात. त्याने ती घडी करून खिशात ठेवली आणि मान खाली घालून घरी गेला.

दर्शना परत आली. तोवर नर्स एकेकाला फोन करून वेळ सांगत होत्या. मी म्हटलं, आधी ते मेसेज चालू कर बाई. तिने आधी लॉग उघडला, मग मला बोलावलं. वीज गेली त्या दिवशी तीन वाजून बारा मिनिटांनी कॉम्प्युटर व्यवस्थित सुरू झाल्याची नोंद होती. भागोजीचं काम तिथे संपलं होतं. त्यापुढे मेसेजच्या सर्व्हिसचं नावच नव्हतं. मग ती मागे मागे जात डिसेंबरपर्यंत पोचली आणि एका ओळीवर थांबली. त्या ओळीत तिचंच नाव होतं.

सर्व्हिसला दोन हुकूम द्यावे लागतात, ती म्हणाली. एक, आत्ता सुरू हो. दुसरा, कॉम्प्युटर जेव्हा जेव्हा चालू होईल तेव्हा आपोआप सुरू हो. नवा कॉम्प्युटर लावला त्या दिवशी तिने पहिला दिला आणि दुसरा विसरली. नंतर पाच महिने कॉम्प्युटर एकदाही बंद झाला नाही, म्हणून चूक झाकलेली राहिली.

जूनमध्ये तिला नोकरीत कायम करायचं होतं. पोरगी गुणी, मला तिची माया. मी दार लोटलं आणि जे बोललो त्याची आजही लाज वाटते. म्हटलं, ही ओळ तुझ्याशिवाय वाचणार कोण आहे? बॅटरीवर ढकलू. भागोजीही सुटेल, तूही सुटशील.

"पुसता येते सर," ती म्हणाली. "तेवढा अधिकार माझ्याकडे आहे. म्हणूनच नाही पुसायची."

ट्रस्टच्या सभेत तिने ती ओळ तारीखवेळेसकट वाचून दाखवली आणि लेखी कबुली टेबलावर ठेवली. तिच्या आवाजात कंप नव्हता. अध्यक्षांनी भागोजीची नोटीस रद्द केली आणि तिला ठेवायचं की नाही हे पुढच्या सभेत बघू म्हणाले.

आम्ही दोघं तसेच भागोजीच्या घरी गेलो. तो पडवीत बसला होता. आम्ही काही बोलायच्या आत उठून त्यानेच विचारलं, "यमुनाबाय बरी हाय ना? बटण दाबताना माजा काय चुकला, तेवढा सांग गो बाय."

"तुमचं काही चुकलं नाही, भागोजीकाका," दर्शना म्हणाली. "चूक माझी होती. मी तसं लिहून दिलंय. मला माफ करा."

आता हा शिव्या देणार असं मला वाटलं. दिल्या असत्या तर त्याचा हक्कच होता. त्याने तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "मंग आता तुज्या नोकरीचा कसा?"

सभेत न डगमगलेली दर्शना पायरीवर बसून रडली. मी बाजूला उभा होतो. नोटीस माझ्या अक्षरातली होती. माफी तिने मागितली. मी अजून मागितलेली नाही.