गारपिटीच्या पावतीवरचा अंगठा

चाकणजवळच्या एका गावातले ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. स्वराज्य येऊन थोडीच वर्षे झाली होती. गारपिटीने कांदा झोडपला होता आणि सरकारने पेरणीसाठी रोख मदत वाटली होती.

एक विधवा फिर्याद घेऊन ठाण्यात आली. तिची मदत दुसऱ्याच कोणीतरी उचलली होती. नवरा जाऊन दोन महिनेच झालेले, त्यामुळे वाटपाच्या दिवशी ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. पावतीवर मात्र तिच्या नावाने अंगठा होता. पैसे मिळाले नाहीत तर बियाणे नाही, आणि रान पडीक.

फौजदार साहेबांचा संशय तलाठ्यावर. दोन दिवस त्याला बसवून ठेवले. तो रडकुंडीला आला. "साहेब, बाई आली होती. तोंडावर पदर होता. दुखवट्यातल्या बाईला पदर वर कर, असं कसं म्हणू?" ठसा पुण्याला तपासणीला पाठवला, पण उत्तर येईपर्यंत पेरणी टळणार होती.

मी शिपाई, बायकांच्या जबाबापुरती बोलावलेली. साहेबांपुढे तोंड उघडायची मला भीती वाटे. एक प्रश्न सकाळपासून मनात होता, तो दुपारी विचारला. अंगठा घेताना बाईचा हात गावच्या कोतवालाने धरला होता, त्यालाच.

"दादा, तिच्या हातात काय होतं?"

"काय आसनार? बांगड्या. हिरव्यागार, मनगटभर. शाई लागंल म्हनून मीच मागं सारल्या."

फिर्यादी बाईचे हात मोकळे होते. साहेबांनी तलाठ्याला घरी जाऊ दिले.

ती वाटपाला जाणार नाही, हे घरच्यांनाच पक्के ठाऊक. त्या घरात दुसरी बाई एकच, थोरली जाऊ. साहेबांनी दरडावले, ती बधली नाही. मी तिला मागच्या पडवीत नेले, पाणी दिले.

"धाकटीचं सोंग घेतलंस, तर बांगड्या तरी उतरवायच्या."

ती फणकारली. "व्हय? धनी जिता हाय माझा! बांगड्या काढून त्याचं वाईट चिंतू?"

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आले. तोंडात पदर कोंबून रडू लागली. "त्येंनीच धाडलं वो मला."

झडतीत पैसे कणगीत सापडले. रीतसर विधवेला मिळाले, पेरणी झाली. जावेच्या नवऱ्याने जबाब दिला, "मला न्हाई ठावं. बायकूनं आनलं आसंल." जावेचा ठसाही पुण्याला पाठवला होता; उत्तर आले, पावतीवरचा अंगठा तिचाच. खटला तिच्यावर.

तो नवरा एकदा ठाण्यात आला. "कवा सोडनार? घरी भाकरीला कुनी न्हाई."

हवालदार म्हणाले, "मग थापा की राव. हात हायेत न्हवं?"

पाठोपाठ विधवाच आली. "फिर्याद मागं घेते. सोडा तिला."

"पैसा सरकारचा," साहेब म्हणाले. "आता ते तुझ्या हातात नाही."

अंगठा कोणाचा ते कळले की आमचे कागद पुरे होतात. ती बाई चावडीवर कोणाच्या धाकाने गेली, याचा ठसा कुठे उमटत नाही. पुढच्या नोकरीत मी बाईचा जबाब घेताना "तुला कोणी पाठवले?" हे आधी विचारू लागले. त्या बाईने ते आपणहून सांगितले होते, पण जबाबात ते कोणी विचारून लिहून घेतले नव्हते. मीही नाही.

त्या दिवशी ठाण्यातून जाताना विधवेने मला विचारले, "बाई, मी गप बसाया पायजे व्हतं का?"

मी "नाही" म्हणाले. ते खरेच होते. तरी तिच्या जावेला कोर्टात न्यायला गाडीत बसवताना माझ्याने तिच्या तोंडाकडे बघवले नाही.