मागे सरणारे रब्बीसाहेब

मेलबर्नमध्ये आमच्या शेजारी एक ज्यू धर्मगुरू राहत असत. मी त्यांना रब्बीसाहेब म्हणे. त्यांची एक रीत मला आजही अमान्य आहे. प्रार्थनेच्या अखेरीस शांतता मागताना ते मागे सरत आणि डावीकडे, उजवीकडे वाकत.

करोनामुळे प्रार्थना त्यांच्या घरापुढच्या ड्राइव्हवेत होई. इस्रायलमधील निवडणुकीनंतर त्यांनी पॅलेस्टिनी मुलांसाठीही शांतता मागितली. त्यांच्याच मंडळीतील एक गृहस्थ मास्क खाली ओढून गरजले, "आपली माणसं निवडून आली ना? मग त्यांच्यासाठी कशाला? प्रार्थनास्थळाच्या कमिटीला सांगून घरी बसवतो तुम्हाला!"

"शांतता कुंपणाच्या एकाच बाजूला कशी नांदेल, मेट?" रब्बीसाहेब म्हणाले.

अनेकांना अर्ज लिहून न्याय मिळवून देणारा मी! कुंपणावरूनच कडाडलो, "रब्बीसाहेब, आपण फक्त हो म्हणा. या इसमाविरुद्ध सणसणीत तक्रार अर्ज लिहितो!"

"नो वरीज. नका लिहू." एवढे बोलून ते मागे सरले आणि त्या गृहस्थाच्या दिशेने नेहमीपेक्षा अधिक वाकले.

महिनाभरात कमिटीने रब्बीसाहेबांना काढून टाकले. त्या इसमाविरुद्धचा अर्ज मी तरीही कमिटीला पाठवला आहे. त्यातील एक शब्दही मी मागे घेणार नाही.