खडूच्या रेघेत उभे राहा

गिरधर मिस्त्री मूळचा धरणगावचा. धुळ्याला हायवेच्या कडेला ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचा. फळी कापण्याआधी तो जमिनीवर खडूने ट्रक काढायचा आणि मालक, ड्रायव्हर, केळी भरणारा हमाल अशा तिघांना त्या रेघांत उभं करायचा. तिथेच भांडण व्हायचं, तिथेच मिटायचं. मगच करवत चालायची.

ही रीत त्याने एकदाच मोडली, तीही शिकलेल्या माणसांवर भरवसा ठेवून.

१९८७ साल. कॉलेजातले मोतीलाल सर तारे पाहणारी दुर्बीण उपग्रहात बसवायच्या खटपटीत होते. उपग्रहाचे इंजिनिअर बाहेरगावचे. सगळं अजून कागदावरच. आधी लाकडी नमुना हवा होता. सरांनी दुर्बिणीच्या मापांचा कागद दिला, इंजिनिअर साहेबांनी पेटीचा कागद टपालाने धाडला. गिरधरने दोन्ही कागदांबरहुकूम केलं. नळी पेटीबाहेर बारा सेंटीमीटर आली. त्याला वाटलं, केळीचा माल फळ्यांच्या वर येतोच, तसंच असेल.

साहेब बैठकीला आले. नमुना पाहिला आणि वर पाठवायच्या अहवालात लिहून टाकलं, ‘सुताराचे माप चुकले.’

वीस वर्षांत कमावलेलं नाव तीन शब्दांत घालवलं! या दोघा विद्वानांनी एकमेकांचा कागद उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. आणि चूक कुणाची? तर ज्याच्या हातात करवत, त्याची!

गिरधर खाली उकिडवा बसला. त्याने कॉलेजच्या फरशीवर खडूने पेटी काढली.

“सर, तुम्ही आठे. साहेब, तुम्ही तठे. उभा ऱ्हा.”

“मिस्त्री, हा काय पोरखेळ?” साहेब म्हणाले.

“केळीना हमाल उभा ऱ्हास. तुम्हले कसानी लाज?”

सर हसले आणि उभे राहिले. मग साहेबांनाही राहावं लागलं. गिरधरने नळी पुरी आत सरकवून रेघांत ठेवली. तिचं टोक साहेबांच्या बुटावर आलं.

“अहो, इथे माझी बॅटरी आहे!”

“नळी कापली तर अंधूक तारे दिसणार नाहीत,” सर म्हणाले.

“आणि बॅटरी काढली तर तुमची दुर्बीण आंधळीच!”

दुपारभर भांडले. शेवटी बॅटरी सहा सेंटीमीटर सरकली, नळी सहा कापली. पंधरा दिवसांनी नवा नमुना चपखल बसला. दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली. गिरधरकडे कुणाचं लक्षही नव्हतं. नमुन्यासोबत जायच्या अहवालातली ती ओळ तशीच होती.

नमुना न्यायला जीप दारात लागली, तेव्हा गिरधर पेटीवर जाऊन बसला.

“पहिले ती ओळ खोडा.”

“बरं बाबा, ‘माप जुळले नाही’ असं लिहितो.”

“कोनं माप जुळनं नई, ते बी लिखा.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं, सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, “लिहा साहेब. खरंच आहे ते.” साहेबांनी ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘दोन्ही बाजूंनी एकमेकांची मापे पाहिली नव्हती.’ गिरधरने दोघांच्या सह्या घेतल्या.

मग तो उठला, पेटीचं एक टोक धरलं आणि साहेबांना म्हणाला,

“ते टोक तुम्ही धरा.”