आईची पेटी

आमचं घर खोतांचं. पर्यटक मंडळी फाटकाशी गाडी थांबवून 'किती जुनं आहे हो?' म्हणून विचारतात आणि घरातला प्रत्येक जण आपापल्या मनाने वर्षं ठोकून देतो. आमचे हे सांगतात ती सगळ्यात जास्त. बाकी घर ठणठणीत आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, पावसाआधी दर वर्षी परतून घेतलेली कौलं, ओटीवर नक्षीचे सागवानी खांब, आणि त्या खांबांचे फोटो काढायला येणाऱ्यांना कोकम सरबत देऊन देऊन कंटाळलेली मी. फोटोत घर छान येतं. केर कोण काढतं ते फोटोत येत नाही.

या घरात गाणं आलं ते थोरल्या जाऊबाईंबरोबर. त्यांचं माहेर चिपळूणचं. लग्न होऊन आल्या त्या पेटी घेऊनच, बाजाची, दुहेरी सुरांची. पुढे माहेरचं घर पुरात गेलं आणि तिथली म्हणून एवढी एकच वस्तू उरली. रोज दिवेलागणीला त्या ओटीवर बसून वाजवतात. कोणी ऐकायला बसावं अशी त्यांची अपेक्षा नसते, आणि तेवढा वेळही कोणाला नसतो. भावोजी होते तेव्हा ते झोपाळ्यावर पेपर वाचत बसायचे, मी आत चुलीपाशी. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण जाऊबाईंचा राग मला पेटीवरून बरोबर कळतो.

आम्ही दोघी भांडलो असं कधी झालं नाही. नारळ किती खवायचा, आमटीत गूळ किती, यावरून अबोला मात्र पुष्कळ धरला. अबोल्याच्या दिवसांत त्या जेवणाच्या वेळेला भजन काढायच्या आणि ते संपवायच्याच नाहीत. पानं मांडलेली, भात निवतोय, पोरं भुकेने कुरकुरतायत, आणि ओटीवर देवाचं नाव चाललेलं. बोलणार काय, कपाळ? मी आपली भांडी जरा जोरात आपटायची. त्या भाता आणखी जोरात ओढायच्या. यांना वाटायचं, घरात काय सुरेख वातावरण आहे.

भावोजी गेले तेव्हापासून माझा पुतण्या आईच्या मागे लागला, की आता मुंबईला चल. पोरगा चांगला आहे, उगाच का म्हणा. लिफ्टची इमारत, खाली बाग, सूनही समजूतदार. जाऊबाईंनी त्याला जन्मात कधी कशाला नाही म्हटलेलं नाही. त्या नुसतं 'बघू' म्हणायच्या. 'बघू' म्हणता म्हणता दिवाळी गेली, शिमगा गेला. शेवटी गणपतीला आला तेव्हा त्याने अगदी कोंडीत पकडलं, तेव्हा म्हणाल्या, "माझी पेटी सोडून मी कुठे यायची नाही." त्याला वाटलं, आई तयार झाली, आता फक्त पेटी हलवायची. मलाही तसंच वाटलं. पेटी गेली की पाठोपाठ जाऊबाई जाणार, हे घरात सगळ्यांनी गृहीत धरलं.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. या घरात सून आली की पहिल्या पावसात तिच्या हातून एक हापूसचं कलम लावतात. ते जन्मभर तिच्या नावाचं. त्याचे आंबे वेगळे काढायचे, वेगळ्या पेटीत भरायचे. ही थोरलीची पेटी, ही धाकटीची. पोरं म्हणतात आईची पेटी, काकूची पेटी. मे महिन्यात आमच्याकडे पेटी म्हटलं की दुसरं काही कोणाच्या डोक्यात येतच नाही.

यंदा मुंबईची गाडी भरायच्या दिवशी पुतण्याचा फोन आला. मी पडवीत होते, हात पेंढ्यात, म्हणून फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला. जाऊबाई शेजारीच पाटावर बसून आंबे निवडत होत्या.

"काकू, गाडी निघत्ये ना? त्यात आईची पेटी घाल," तो म्हणाला. "पेंढा भरपूर घाल. वर दुसरं काही ठेवू देऊ नकोस, दणका बसता कामा नये."

म्हटलं, काय हा लाडावलेला, आंबे पाठवायला आम्ही आज शिकतोय होय? पण घालते म्हणाले. जाऊबाईंनी स्वतःच्या कलमाचे आंबे एकेक हातात फिरवून घेतले, डागाचा एक ठेवला नाही. पेंढ्याचा थर त्यांनीच दिला. फळ्या ठोकून झाल्यावर रंगाचा ब्रश मागून घेतला आणि वर मोठ्या अक्षरांत 'आई' लिहिलं. एरवी ही कामं त्या गड्यांवर सोडतात. आज हौस आली असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

गाडी पोचली त्या दिवशी पुन्हा फोन.

"काकू, हे आंबे आलेत."

"मग काय यायला हवं होतं?"

"अगं, आईची पेटी! बाजाची!"

मी कपाळावर हात मारला आणि हसत सुटले. तो हसला नाही. त्याने हॉलमध्ये खिडकीखालचा कोपरा रिकामा करून ठेवला होता, रविवारी आईला न्यायला येणार होता. मला त्याची दया आली. म्हटलं, "बरं, उद्या दुसरी गाडी जात्ये, तीत घालते," आणि मी घातलीही असती. फोन हातात तसाच धरून मी जाऊबाईंना हाक मारली. "वहिनी, ऐकलंत का काय घोटाळा झाला?"

त्या माजघराच्या दारात उभ्या होत्या. "घोटाळा तुझा झाला," त्या म्हणाल्या. "मला तेव्हाच कळलं होतं त्याला कुठली पेटी हवी ती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर गेली असती पेटी." मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्याला नाही म्हणायला मला जमत नाही गो. तुला जमतं."

ते खरं होतं. या घरात मी ज्याला कधी नाही म्हटलं नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. मी फोन कानाला लावला आणि सांगितलं, "हे बघ, पेटी यायची नाही. तुझी आईही यायची नाही."

मग त्याने विचारलं, "काकू, हे तू सांगत्येस की आई?"

मी फोन जाऊबाईंपुढे धरला. त्यांनी आधी मानेनेच नको म्हटलं. मी हात मागे घेतला नाही. मग त्यांनी पदराला हात पुसले आणि फोन घेतला.

"नाही रे बाळा," त्या म्हणाल्या. "मी नाही यायची."

त्याने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. जाऊबाई खांबाला टेकल्या.

"हो, इथेच," त्या म्हणाल्या. "हिच्याजवळ."

इतकी वर्षं एका घरात काढली, त्यात माझ्याबद्दल चांगलं म्हणून त्या एवढंच बोलल्या, तेही मला नाही, मुलाला. फोन माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या आणि दार लोटून घेऊन रडल्या. मी आत गेले नाही. पुतण्याचं मला फार वाईट वाटलं. आनंद मात्र त्याहून जास्त झाला.